दौलतशेठचं पोट आणि नातवाचं

वडपे गावातल्या त्या घरात रोज सकाळी पहिला प्रश्न असायचा, "झालं का पोट साफ?" आणि तो फक्त दौलतशेठना विचारला जायचा. त्यांचा चेहरा बघून त्यांची बायको आक्का भाजी ठरवायची. हा मान पाच वर्षांच्या नातवाने, भाविकने, हिसकावला.

भाविक पडद्यामागे पाय आवळून चवड्यांवर उभा राहायला लागला. चड्डीला डाग पडायला लागले.

"जुलाब हायेत. ताकभात द्या," दौलतशेठनी निकाल दिला.

सूनबाई करिष्मा मात्र पोराला मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि उलटीच बातमी घेऊन आली. "बाबा, जुलाब न्हाईत, बद्धकोष्ठ हाय. एकदा दुखलं म्हणून हा धरून ठेवतो. आत घट्ट खडा साचलाय आणि बाजूने पातळ झिरपतंय. डॉक्टरांनी दिलेली पावडर रोज पाण्यातून द्यायची, काही महिने. मनाने बंद करायची न्हाय. जेवल्यावर संडासात पाटावर पाय टेकवून बसवायचं. ओरडायचं न्हाय, नुसता बसला तरी कौतुक करायचं."

झालं! भाविक बसून आला की आक्का कौतुकाने कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची, करिष्मा माहेरी फोन लावायची. दौलतशेठच्या पोटाची कुणी चौकशीच करेना.

"मी जन्मभर बसतोय," ते एकदा भडकले, "मला कवा कोण शाबास बोललं?"

"तुमी काय पाच वर्षांचे हाव?" आक्का म्हणाली.

हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणं होताच भाविकचा पाट काखोटीला मारून दौलतशेठ संडासात शिरले आणि आतून कडी घातली.

"बाबा, पोराची वेळ झालीय! धरून ठेवलं तर परत खडा होईल!" करिष्मा दार वाजवू लागली.

"आणि माझं काय?"

आपलंही काही होत नाहीये, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. आता रिकाम्या हाताने बाहेर कसं यायचं? घामाघूम होऊन ते बसून राहिले.

शेवटी भाविकने आईला गप्प केलं आणि दाराच्या फटीला तोंड लावलं. "आबा, पाय टेकलंस का?"

"टेकलेत."

"आता फुगा फुगवतात तसं फुंक. आणि न्हाय झालं तरी कोण ओरडणार न्हाय."

आतली धुसफूस थांबली. त्यांच्या पोटाशी इतक्या मायेनं आजवर कुणी बोललं नव्हतं. कडी निघाली.

"जा बाळा, आधी तू जा."

थोड्या वेळाने आतून आरोळी आली, "झालं!" सगळ्यांच्या आधी टाळी दौलतशेठनीच वाजवली. मग हळूच करिष्माजवळ सरकून त्यांनी विचारलं, "काय गं, तो डॉक्टर मोठ्या माणसांचं पोट बघतो का?"

तिच्या आधी आतूनच उत्तर आलं, "बघतात आबा. पण रडायचं न्हाय."