सोसायटीचा अभ्यास

"तीन वर्षांनंतर तू स्वतःला कुठे पाहतेस?" असं कॉलेजातल्या करिअर मार्गदर्शनाच्या बाईंनी गुरुवारी विचारलं आणि "सोमवारी नीट विचार करून ये" म्हणून पाठवून दिलं. तेव्हापासून भिंगरीचा पाय घरात ठरत नव्हता. तसा तो कधीच ठरत नसे, म्हणून तर लहानपणी हे नाव पडलं होतं. पण आता ती दात घासतानाही येरझाऱ्या घालू लागली.

समाजशास्त्र घ्यायचं एवढं तिचं पक्कं होतं. पुढचं सगळं दर दोन तासांनी बदलत होतं. सकाळी ती प्राध्यापक होणार होती. आंघोळ करून बाहेर आली तेव्हा नगरनियोजनात शिरली होती. जेवताना तिनं संख्याशास्त्राचा जादा पेपर घेऊन सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीत नोकरी धरली आणि ताक पिता पिता ती सोडलीसुद्धा.

"अगं, आधी गिळ तरी," आई म्हणाली. ती नर्स होती. रात्रपाळी करून आल्यावर तिला जगातला कुठलाही प्रश्न झोपेपेक्षा मोठा वाटत नसे.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. समोरच्याला काय दिसत नाही हे ते क्षणात ओळखायचे; पण मुलीचं भवितव्य त्यांना कुठल्याच भिंगातून दिसेना. "आत्याचे यजमान म्हणत होते, कॉमर्सची जागा अजून आहे," ते भाजी वाढून घेत म्हणाले. "सोमवारपर्यंत कळवायचंय. माझी जबरदस्ती नाही हं. पण कॉमर्स म्हटलं की पुढचा माणूस 'अस्सं' म्हणतो. तुझ्या विषयाचं नाव काढलं की 'म्हणजे?' म्हणतो."

"म्हणू दे ना!"

"तुझं ठीक आहे. उत्तर मला द्यावं लागतं."

ते उत्तर त्यांना त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये द्यावं लागलं. बापलेक वर येत असताना इमारतीचे सेक्रेटरी काका आत शिरले आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, विचारते झाले, "काय मग, कन्येनं काय घेतलं?"

बाबांनी लिफ्टच्या छताकडे पाहिलं. "सोसायटीचा अभ्यास," ते म्हणाले. काकांच्या भुवया वर गेलेल्या पाहून त्यांना चेव आला. "सोसायटी कशी चालते, माणसं एकत्र राहतात तर भांडतात का, भांडतात तर मिटवायचं कसं... डिग्री असते त्याची. फार मागणी आहे."

"आपल्या सोसायटीचा?"

"म्हणजे... सगळ्याच सोसायट्यांचा."

भिंगरीनं बाबांचा शर्ट मागून ओढला, पण तोवर काकांचा चेहरा उजळला होता. दोन महिन्यांपासून त्यांच्या जिवाला एक घोर लागला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंकडे शिकायला येणारी मुलं जिन्यात चपला काढत. दुसऱ्या मजल्यावरचे टेलरकाका शिवलेले कपडे हातावर घेऊन उतरताना त्या चपलांवरून घसरले होते. तेव्हापासून बाई गायला बसल्या की टेलरकाका मुद्दाम मशीन सुरू करत, आणि मशीन सुरू झालं की बाई वरचा सूर लावत. मधल्या घरांतली माणसं कानात कापूस घालून हिंडत होती.

"देवासारखी भेटलीस बघ!" काका म्हणाले. "रविवारी मीटिंग लावतो. खाली, पार्किंगमध्ये."

"अहो काका, माझं अजून कॉलेजसुद्धा सुरू..."

दार बंद झालं. काका आपला मजला सोडून वर आले होते, तेही त्यांच्या लक्षात नव्हतं.

"बाबा, तुम्ही हे काय करून ठेवलंत?"

"मी कुठे काय केलं? मी सोपं करून सांगितलं," बाबा म्हणाले आणि थेट टीव्हीसमोर जाऊन बसले.

रात्रभर तळमळल्यावर भिंगरीला एक विचार सुचला, आणि तिथेच घात झाला. नाहीतरी सोमवारी मार्गदर्शनाच्या बाईंना काहीतरी सांगायचंच होतं. मग हाच अभ्यास का करू नये? समाजशास्त्रात मुलाखती घेतात, नावं गुप्त ठेवतात, निष्कर्ष काढतात, एवढं तिनं वाचलं होतं. शनिवारी ती वरपासून खालपर्यंत सुटली. एका घरात बूड टेकायचं, दोन प्रश्न विचारायचे, की पुढचं घर.

"नाव कुठेही येणार नाही," ती प्रत्येकाला सांगायची. "अगदी मोकळेपणानं बोला."

माणसं इतकी मोकळी झाली, की तिला उठणं मुश्किल झालं. चपलांबद्दल कुणीच फारसं बोललं नाही. टेलरकाकांनी बाईंच्या आवाजाबद्दल सांगितलं. बाईंनी टेलरकाकांच्या शिवणीबद्दल सांगितलं. सेक्रेटरी काकांबद्दल तर सगळ्यांनीच सांगितलं. आईसुद्धा अर्धवट झोपेत तिच्या तावडीत सापडली.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. काकांनी ओळख करून दिली, "आपल्या इमारतीच्या तज्ज्ञ." टाळ्या पडल्या. भिंगरी उभी राहिली आणि बोलताना खुर्च्यांमधून फिरू लागली.

"मी कुणाचंही नाव घेणार नाही," तिनं सुरुवात केली. "दुसऱ्या मजल्यावरच्या, शिवणकाम करणाऱ्या एका प्रतिसादकाच्या मते, वरच्या मजल्यावरचं गाणं ऐकून त्यांच्या गिऱ्हाइकांची मापं चुकतात."

सगळी इमारत टेलरकाकांकडे वळली.

"तर तिसऱ्या मजल्यावरच्या, संगीत शिकवणाऱ्या एका प्रतिसादकाच्या मते, मापं गाण्याच्या आधीपासूनच चुकत होती."

"मी असं म्हटलं नव्हतं!" बाई ताडकन उठल्या. "म्हणजे म्हटलं होतं, पण मोकळेपणानं म्हटलं होतं!"

"तो ब्लाउज तुम्हीच वर्षभरात जाड झालात म्हणून..." टेलरकाका सुरू झाले, आणि त्यांच्या बायकोनं त्यांना खाली ओढलं.

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण भिंगरीला वाटलं, अर्धवट निष्कर्ष सांगणं शास्त्राला धरून नाही. तिनं वेग वाढवला. तळमजल्यावरच्या निवृत्त प्रतिसादकाला पहिल्या मजल्यावरच्यांचा कुत्रा त्यांच्या मुलापेक्षा हुशार वाटत होता. चौथ्या मजल्यावरच्या दोन जावांपैकी धाकटीला, नाव गुप्त, थोरली मुद्दाम कमी मीठ घालते असा संशय होता. जावा दोनच होत्या.

"आणि एका चष्मेविक्रेत्या गृहस्थांबद्दल, रुग्णालयात काम करणाऱ्या त्यांच्या घरच्या प्रतिसादक सांगतात, की त्यांना स्वतःच्या मुलीच्या विषयाचं नाव चारचौघांत घ्यायची..."

ती थांबली. हे वाक्य तिनं काल ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ तिला आत्ता, स्वतःच्या तोंडून बाहेर पडताना लागला. बाबा चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत होते. काच स्वच्छ होती, तरी पुसत होते.

मग जो गदारोळ झाला, त्यात कोण कुणाला काय म्हणालं हे कुणालाच कळलं नाही. पण थोड्या वेळानं एक चमत्कार घडला. "ह्या पोरीला आत कुणी घेतलं?" असं टेलरकाका ओरडले आणि गाण्याच्या बाई म्हणाल्या, "अगदी माझ्या मनातलं बोललात!" दोन महिन्यांत त्या त्यांच्याशी पहिल्यांदा धड बोलल्या होत्या. ठराव झाला : ह्या मुलीनं इमारतीत कुणालाही प्रश्न विचारू नयेत. जाता जाता बाईंनी चपला दाराच्या आत ठेवायचं कबूल केलं, टेलरकाकांनी मशीन दुपारी चालवायचं.

घरी आल्यावर बाबांनी चष्मा पुन्हा एकदा पुसला. शेवटी बाबाच म्हणाले, "लाज नव्हती गं. मला नीट सांगता येत नाही, त्याची होती."

"मी कॉमर्स घेते," भिंगरी म्हणाली.

"मुळीच नको. हिशेबाची वही घेऊन पार्किंगमध्ये उभी राहिलीस तर घर सोडावं लागेल." ते हसले, म्हणून तीही हसली. "उद्या कॉलेजातल्या बाईंना खरं काय ते सांग."

सोमवारी तिनं सगळं सांगितलं. मार्गदर्शनाच्या बाई आधी गंभीर होत्या, मग त्यांनी रुमाल तोंडावर धरला.

"नाव लपवलंस आणि मजला सांगितलास," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "ही चूक मुलं दुसऱ्या वर्षात करतात. तू प्रवेशाआधीच उरकलीस. संशोधन पद्धतीचा पेपर घे, संख्याशास्त्र सोडू नकोस, आणि सुट्टीत एखाद्या संस्थेत काम कर. माणसं तुझ्याशी बोलतात, हे भांडवल आहे. ऐकलेलं पोटात ठेवायला शीक, म्हणजे नोकरी मिळेल."

"आणि तीन वर्षांनंतर कुठे असेन?"

"ते मलाही माहीत नाही. मी असंच विचारते सगळ्यांना."

भिंगरी घरी परतली तेव्हा टेलरकाका जिन्यात खांबाशी उभे होते. इकडेतिकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "बाई माझ्याबद्दल आणखी काय म्हणाल्या गं? तू सगळं सांगितलं नाहीस."

"ते गुप्त आहे, काका."

वरच्या वळणावर गाण्याच्या बाई होत्या. त्यांनाही तेच हवं होतं. चौथ्या मजल्यावरची थोरली जाऊ तर मिठाचा डबाच घेऊन आली होती. भिंगरीनं प्रत्येकीला तेच उत्तर दिलं. जिभेच्या टोकावर आलेलं गिळताना तिला घाम फुटला, पण गिळलं.

दारात सेक्रेटरी काका वाट पाहत होते. आज त्यांचा आवाज जिन्यापर्यंत जात नव्हता.

"ठराव आपल्या जागी आहे," ते कुजबुजले. "पण माझ्याबद्दल लोकांचं मत... नावं नकोत. काय म्हणाले, तेही नको. निदान एकदोघंच होते, की..."

भिंगरीनं क्षणभर विचार केला.

"बहुमत आहे, काका."

काकांची छाती फुगली. ते ताठ मानेनं, गुणगुणत जिना उतरून गेले. कशाचं बहुमत, हे विचारायचं काही त्यांना सुचलं नाही.