हरिकाकांचा अठरावा प्रश्न

घरी कोणी आलं की हरिकाका चुरी आधी आपल्या पायाची ओळख करून देतात. "हा माझा भाडेकरू," डाव्या नडगीवरच्या पट्टीकडे बोट दाखवत ते म्हणतात. "आठ महिने झाले. नोटीस मानत नाही, खोली सोडत नाही."

मग खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातला लॅबचा रिपोर्ट निघतो. अकरा औषधांची नावं, त्यातल्या नऊ नावांपुढे 'आर'. म्हणजे ते औषध या जंतूंना लागू पडत नाही. काका तो नातेवाइकांना निकाल दाखवावा तसा दाखवतात. "अकरापैकी नऊ नापास! काय ताकद बघा गड्याची."

आमची इमारत वसईत त्यांच्या केळीच्या वाडीला लागून आहे. वाळकी पानं उतरवताना कोयता नडगीला लागला. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. काकांनी तिसऱ्या दिवशी थांबवल्या. "बरं वाटलं, मग कशाला?" पुन्हा चिघळलं तेव्हा मेडिकलमधून स्वतःच्या मनाने दुसऱ्या आणल्या, त्याही अर्ध्यावर सोडल्या. जंतू निर्ढावले.

त्यांच्या मुलाची शिफ्टची नोकरी, म्हणून दर मंगळवारी मी त्यांना विरारच्या दवाखान्यात नेते. या कामावर माझी नेमणूक काकांनीच केली. "सुनंदा, तू यादी करतेस. डॉक्टरसमोर माणूस निम्मं विसरतो."

पहिल्या यादीत तीन प्रश्न होते. मग काकांनी मोबाइलवर स्टेम सेलबद्दल वाचलं आणि यादी सतरावर गेली. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंशी लढायला शरीरातल्या या मूळ पेशींची मदत होईल का, यावर संशोधन चाललंय. काकांना ते एका झटक्यात समजलं.

"अगं, हे तर मुनवे! केळ व्याली की संपली. पण बुंध्याशी मुनवा फुटलेला असतो, नवा कोंब, तो पुढचं सगळं उभं करतो. डॉक्टर, लावा एक माझ्या पायात."

"काका, ते अजून प्रयोगात आहे. इथे मिळत नाही."

"मग प्रयोगात माझं नाव लिहा. पाय घरचाच आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघतात. मी पुढचा प्रश्न वाचते.

घरी काकांची वेगळीच शिस्त. फाटकाशीच साबण आणि बादली. "आधी साबण, मग बोलणं." सात महिन्यांची नात, ओवी, रांगत ओटीवर आली की काका दोन्ही पाय बाकावर घेतात आणि ओरडतात, "सूनबाई, हिला उचल!" लांबून मात्र तिला गाणी म्हणून दाखवतात, सगळी एकाच चालीत. शेजारी म्हणतात, म्हाताऱ्याला पोरांचं वावडं आहे. मलाही तसंच वाटायचं.

पण यादीच्या तळाशी काकांच्या अक्षरातला एक अठरावा प्रश्न असायचा. कागदाचा तेवढा भाग आत दुमडलेला. मी तिथे पोचले की काका म्हणायचे, "तो राहू दे."

अर्धवट यादी मला सोसत नाही. गेल्या मंगळवारी मी घडी उलगडली आणि वाचलं, "नातीला मांडीवर कधी घेऊ?"

काका पंख्याकडे बघू लागले.

"एवढंच?" डॉक्टर म्हणाले. "जखम आता पाझरत नाही, पट्टीखाली झाकलेली आहे. हात साबणाने धुवा आणि आजच घ्या."

"भाडेकरू तिच्याकडे जाणार नाही ना?"

"पट्टी काढू नका, हात धुवत राहा. एवढ्याला स्टेम सेल लागत नाहीत."

रिक्षात मी चिडले. "काका, इतके महिने विचारलं का नाही?"

"आणि नाही म्हणाले असते तर?" यादी खिशात घालत म्हणाले, "म्हणून आधी मुनवे शोधत होतो."

घरी त्यांनी तीनदा हात धुतले. तिसऱ्यांदा सूनबाईने साबणच काढून घेतला. "बाबा, झिजाल आता!" आणि ओवीला मांडीवर दिलं. काका इतके ताठ बसले की फोटो काढायचाय असं वाटावं.

ओवीने सरळ त्यांच्या खिशात हात घातला. रिपोर्ट खाली पडला, यादी तिच्या मुठीत आली. मी अठराव्यावर खूण करायला पेन काढून उभी होते. यादी ओढून बघितली, पोरगी सोडेना.

"काका, जरा घ्या ना तिच्या हातातून."

काकांचे दोन्ही हात गुंतले होते.

"राहू दे गं," ते म्हणाले.