सरपंचांची फिरती सोय

दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर नेऱ्याच्या तुळशीराम भोपींच्या अंगणात एका संडासाचं उद्घाटन झालं.

तसा तो नुसता संडास नव्हता. बोलेरोच्या मागे जोडायची, दोन चाकांवरची, बुटक्या खोलीएवढी गाडी होती ती. तिला कॅम्पर म्हणतात. आत पलंग होता, शेगडी होती, घडीचं टेबल होतं. पण पलंग, शेगडी आणि टेबल नेऱ्यात घरोघरी आहे. ते बघायला सकाळपासून साठ माणसं आली नसती. ती आली होती कोपऱ्यातलं दीड हात रुंदीचं दार उघडून आतलं पांढरंशुभ्र आसन बघायला. फाटकावर बॅनर लागला होता. त्यावर हात जोडलेले तुळशीराम, गॉगल लावलेला त्यांचा मुलगा दीपेश, आणि कानाला फोन लावलेला, उरणहून भाऊबीजेसाठी आलेला मेहुणा बुधाजी. मधोमध कॅम्पर, आणि तिच्या डोक्यावर आई एकवीरेचा आशीर्वाद.

एवढ्या थाटाला कारण होतं. तुळशीराम एके काळी गावचे सरपंच होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत हागणदारीमुक्तीची मोहीम निघाली होती. पहाटे पाचला गळ्यात शिट्टी अडकवून ते शेताच्या बांधावर उभे राहायचे आणि कोणी डबा घेऊन दिसला की फुंकायचे. पळस्पे फाट्यापासून वडखळपर्यंतच्या पाहुण्यारावळ्यांत त्यांना 'शिट्टीवाले सरपंच' हेच नाव पडलं होतं. पुढे त्यांना साखरेचा आजार जडला आणि दर अर्ध्या तासाला जावं लागू लागलं. आता अशा माणसाने रस्त्याच्या कडेला उभं राहायचं कसं? एकदा राहिले होते. मागून जाणाऱ्या रिक्षातून कोणीतरी तोंडाने शिट्टी वाजवली. त्या दिवसापासून तुळशीरामांनी पनवेलच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं.

यात एक माणूस मात्र दुखावलं गेलं होतं. पोयनाडला दिलेली त्यांची थोरली बहीण, सोनाबाई. चार वर्षं भाऊबीजेला भाऊ गेला नाही. दर वर्षी काही ना काही काम निघायचं. मग तीच एसटीने नेऱ्याला यायची. या आषाढात ती अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि बाई घरात अडकली. फोनवर एवढंच म्हणाली, "या वरसाला तू ये. नाय आलास तर पुढल्या वरसाला बोलवायला मी असेन का नाय, मला ठाव नाय."

दुसऱ्या दिवशी दीपेशने कॅम्पर शोधायला घेतली.

"तर मंडळी, सिस्टीम एकदम सिंपल हाय," उद्घाटनाच्या दिवशी दीपेश जमलेल्या गर्दीला समजावत होता. "वर आपण बसायचं. खाली ही पेटी. सतरा लिटर. बाहेरून हे छोटं दार उघडायचं, पेटी ओढायची, हिला चाकं हायत, दांडा हाय. बॅगेसारखी न्यायची नि घरच्या संडासात ओतायची. आत हे निळं औषध टाकायचं. म्हणजे वास नाय, काय नाय. आणि पेटी भरली की आत लाल दिवा लागतो."

"म्हणजे बाबांना गाडीत बसल्या बसल्या?" कोणीतरी विचारलं.

"चालत्या गाडीत नाय. थांबायचं, मागं यायचं, करायचं, निघायचं."

"चालतो का पण?" बुधाजीने शंका काढली. "आमच्या होडीचं इंजिन पण दुकानात चालत होता."

आता नवीन शेगडी घेतली की पहिल्यांदा दूध उतू घालतात. नवीन जातं घेतलं की पाच सवाष्णींचा हात लावतात. त्याच न्यायाने दारात आलेल्या पाहुण्याला नवी वस्तू नुसती लांबून दाखवून परत पाठवणं हे भोपींच्या घरात बसत नव्हतं. तुळशीरामांची बायको भामा पुढे झाली आणि भावाला म्हणाली, "दादा, पयला मान तुजा. जा आत."

बुधाजी आत गेला. बाहेर साठ माणसं श्वास रोखून उभी. आतून पाण्याचा सळसळाट ऐकू आला आणि टाळ्या पडल्या. बुधाजी बाहेर आला तो निवडून आल्यासारखा.

"बटन दाबला का निळा पाणी येतो!" त्याने जाहीर केलं.

मग काय! रांगच लागली. ज्यांना गरज होती ते गेले, ज्यांना नव्हती ते भामाने दिलेला चहा पिऊन, गरज निर्माण करून गेले. लहान मुलं निळ्या पाण्यासाठी दोन-दोनदा गेली. शेजारची रंजिता तर सासूला हाताला धरून घेऊन आली. दुपारपर्यंत एकच माणूस राहिला होता. तो म्हणजे तुळशीराम. यजमानाने शेवटी बसायचं, ही पद्धत.

भाऊबीजेला सकाळी सातला दीपेशने कॅम्परचं दार उघडलं आणि ओरडला, "आई! लाल दिवा!"

सोनाबाईचा पहिला फोन त्याच वेळी आला. "निगालास का?"

"निगालोच आक्का," तुळशीराम म्हणाले. ते नव्या पांढऱ्या लेंग्यात, टोपी घालून, बहिणीच्या साडीचं पुडकं काखेत धरून साडेपाचपासून ओट्यावर बसले होते.

दीपेशने पेटी ओढून काढली आणि घरातल्या संडासात नेली. कॅम्परच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं की ओतताना पेटीवरचं हवेचं बटण दाबून धरावं. दीपेशने पुस्तक मोबाइलवर वाचलं होतं आणि मोबाइल ओट्यावर होता. पेटीने एकदा 'गुळुक' केलं, मग थोडा विचार केला आणि मग 'भडाक्' केलं. दीपेश जसा आत गेला होता तसा बाहेर आला नाही.

"तिथंच थांब!" भामा किंचाळली. "उंबरा ओलांडू नको!"

मग दीपेशची आंघोळ. मग संडासाची आंघोळ. मग पुन्हा दीपेशची, कारण भामाचं समाधान झालं नव्हतं. सोनाबाईचा दुसरा फोन आला. "पाट मांडलाय. निगालास?"

"निगालोच आक्का."

इकडे पेटी भामाने ताब्यात घेतली. पुस्तकात म्हटलं होतं, स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावी. भामाने ती तीनदा साबणाने आणि एकदा लिंबाने घासली. झडपेच्या रबराला कोरडेपणा येऊ देऊ नये, असंही लिहिलं होतं. त्याला वेगळं तेल मिळतं. भामाने तान्ह्या बाळाच्या टाळूवर घालावं तसं खोबरेल घातलं आणि जिरवलं. एवढं झाल्यावर तिने ती पेटी मागल्या दारच्या कठड्यावर उन्हात पालथी घातली. ओलं भांडं बंद करून ठेवायचं नाही, हा नियम तिच्या आईचा, तिच्या आजीचा आणि तिचा होता. पेटीसाठी तो बदलायचं तिला काही कारण दिसलं नाही.

तिसरा फोन आला. "मी पानी पन पिली नाय अजून. ओवालल्याबिगर पिनार नाय."

या वाक्याने घरात जी पळापळ झाली ती सांगण्यासारखी नाही. बुधाजीने बोलेरोला कॅम्पर जोडली, दीपेशने ओल्या केसांनीच चावी फिरवली, भामाने चाकाखाली लिंबू ठेवलं. जाता जाता बुधाजीने आत डोकं घालून शेवटची तपासणी केली.

"लाल दिवा बंद हाय! निगा तुमी!"

दिवा बंदच होता. पेटीच नव्हती, तर भरेल काय?

पळस्पे मागे पडलं. चार वर्षांनी गोवा हायवे बघून तुळशीराम लहान मुलासारखे खिडकीला चिकटले होते. "अरे, हा पूल कवा झाला? आनि ही टपरी गेली कुठं?" कर्नाळ्याचा सुळका दिसला तसे ते खुशीत म्हणाले, "दीप्या, घे बाजूला. बघू तरी तुजी शिष्टीम."

ते ऐटीत मागे गेले. आत जाऊन दार लावलं. आतून खटपट ऐकू आली. मग त्यांचा आवाज आला, "दीप्या, झडपेचा दांडा सरकत नाय रं!"

दीपेशने बाहेरचं छोटं दार उघडलं. आत मोकळी जागा होती आणि तिच्यात कालच्या हारातलं एक झेंडूचं फूल.

त्याने घरी फोन लावला. "आई, पेटी कुठंय?"

"कठड्यावर हाय की," भामा शांतपणे म्हणाली. "आतून अजून जरा ओली हाय."

दीपेशने कपाळावर हात मारला. "बाबा, परत जाऊ. अर्ध्या तासाचं काम."

तुळशीराम एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. परत जायचं म्हणजे येताना पुन्हा अर्धा तास, भाऊबीजेची गर्दी वाढणार, आणि तिकडे मोडक्या हाडाची बाई पाण्यावाचून बसलेली.

"चल पोयनाडला," ते म्हणाले. "पन जरा जोरात."

ते जोरात जाणं तारा गावापर्यंतच टिकलं. तुळशीरामांच्या चेहऱ्याचा रंग बघून दीपेशने रस्त्यालगतच्या एका घरासमोर गाडी थांबवली. दारात एक म्हातारी पुसली गेलेली रांगोळी पुन्हा घालत होती. तुळशीरामांच्या तोंडून शब्द फुटेना. दीपेशनेच सांगितलं, "आजी, बाबांना जरा... बाथरूम वापरू का?"

"इचारतो काय? आजच्या दिसाला भाऊ दारात आला!" म्हातारीने रांगोळीचा डबा खाली ठेवला. "जा दादा, डाव्या हाताला."

तुळशीराम बाहेर आले तेव्हा पाट मांडलेला होता. म्हातारीचा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला होता. निरांजन मात्र ती दर वर्षी लावायची. नाही म्हणायला जीभ रेटली नाही. टिळा लागला, चकली झाली, आणि चहा न पिता भाऊ उठतो कसा?

चहाचा हिशेब बरोबर अर्ध्या तासाने चुकता झाला. हमरापूरला गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यामागच्या घरात दोघी बहिणी राहत होत्या. दोघींनी ओवाळलं. एकीने टिळा लावला म्हणून दुसरी मागे कशी राहील? एकीने चहा दिला म्हणून दुसरीने कोकम सरबत दिलं.

"बाबा, नको म्हना ना!" दीपेश गाडीत कळवळून म्हणाला.

"तू म्हन. तुला जमतो का बघू."

सोनाबाईचा फोन वाजत होता. तुळशीराम उचलत नव्हते. उचलून काय सांगणार? तिसरीकडे ओवाळून घ्यायला चाललोय?

वडखळला गाड्यांची रांग लागली होती आणि सरबताने डोकं वर काढलं. समोरच्या घराच्या ओटीवर पन्नाशीची एक बाई सूप घेऊन बसली होती. तुळशीरामांनी या वेळी स्वतःच विचारलं. एवढी भीड आता चेपली होती. बाईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"तुमी नेऱ्याचे शिट्टीवाले सरपंच ना?"

तुळशीरामांनी टोपी कपाळावर ओढली.

"मी नेऱ्याची. स्नेहल. माज्या आबांच्या मागं तुमी बांधावरून धावलेलात. आबा चिखलात पडला होता. डबा अजून नाय सापडला."

मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"ताई," तुळशीराम म्हणाले, "मी चुकलो असेन. पन आता मला धावता येनार नाय."

बाई हसली ती सुपातले तांदूळ सांडेपर्यंत. "जा आत. कडी लावा मातर. नायतर मी शिट्टी मारेन."

बाहेर आल्यावर सुटका होईल असं कोणाला वाटलं असेल, तर त्याला माहेरच्या माणसाची किंमत कळलेली नाही. तिने टिळा असा दाबून लावला की आबांचा सगळा हिशेब त्यात फिटला.

पोयनाडला पोचायला दीड वाजला. सोनाबाई ओटीवर खुर्चीत बसली होती, वॉकर बाजूला, समोर पाट, तबकात विझून पुन्हा लावलेलं निरांजन. तुळशीराम पायऱ्या चढले आणि डोक्यावरची टोपी सारखी करायला गेले. तोवर उशीर झाला होता.

"हे काय रं?" सोनाबाईने डोळे बारीक केले. "एक, दोन, तीन, चार. चार टिले? मी हितं सकालपासून वाट बघते, आनि तू रस्त्यानं ओवालून घेत आलास?"

"आक्का, तसं नाय..."

"मंग कसं? चार वरसं माज्याकडं यायला येल नाय, आनि आज एका दिसात चार-चार बहिनी? मी काय मेली का?"

दीपेश पुढे सरसावला. "आत्या, मी सांगतो. त्याचं काय झालं, पेटी..."

"तू गप." तिने ओच्यातून रुमाल काढला, तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि धाकट्या भावाचं कपाळ लहानपणी शेंबूड पुसायची तसं खसाखसा पुसलं. चारही टिळे गेले, थोडी कातडीही गेली. मग तिने स्वतःचा टिळा लावला, मधोमध, आणि निरांजन उचललं. तुळशीरामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते पाणी सोनाबाईने पाहिलं आणि मग खाली, पाटावर चुळबुळणारे पाय पाहिले. निरांजन तिने परत तबकात ठेवलं.

"जा," ती म्हणाली.

"नको आक्का, आधी ओवाल. तू उपाशी..."

"जा म्हनते ना! मागल्या पडवीत उजव्या हाताला. तुज्यासाठी खुर्चीवाला बसवून घेतलाय. चार वरसं झाली, घरात कोनाला बसून दिला नाय." तिने तांब्या उचलून एक घोट पाणी पिऊन टाकलं. "नीट बघून बस. वरचा प्लास्टिक अजून काढला नाय."