सोफा बाहेर, सरजाबाई आडवी

"खोली मलाच मिळणार! न्हाई मिळाली तर सरजाबाई नाव सांगणार न्हाई!"

हे सरजाबाईनं सुनेला ऐकवलं तेव्हा रूपालीच्या तव्यावर भाकरी होती. ती उलटायची राहून गेली.

"आत्याबाई, हळू बोला. लोक म्हणतील सुनेनं घालवलं."

"लोकायचं तोंड मी बघते. तू भाकरीकडं बघ, करपून राहिली!"

गोष्ट अशी होती. नांदेडच्या एका विहारातल्या उपासकांनी वर्गणी जमवून म्हाताऱ्या माणसांसाठी 'मैत्री निवास' बांधला होता. त्याला वृद्धाश्रम म्हटलेलं सरजाबाईला खपायचं नाही. तिथं ज्याची त्याची वेगळी खोली, खोलीत ओटा, मोरी, खिडकी आणि मुख्य म्हणजे दार. भाडं अगदी नावापुरतं. विहाराची माणसं घरी येऊन बघणार, आणि ज्याची अडचण खरी त्याला खोली देणार.

सरजाबाईची अडचण खरीच होती. पण ती डोळ्याला दिसणारी नव्हती! मुदखेडच्या त्या घरात तिची बाज पुढच्या खोलीत. लेक आनंदराज स्टेशनातून कधीही ड्यूटीवरून यायचा, रूपाली अंगणवाडीला जायची, नात प्रियदर्शनी फोनवर बोलत येरझाऱ्या घालायची, आणि सगळी वाहतूक म्हातारीच्या उशापायथ्याशी. जंक्शनवर अंथरूण टाकावं तशी गत! डोळा लागला की कुणीतरी टीव्ही लावायचं.

पण येणाऱ्याला दिसणार काय? लालभडक सोफा, दारासारखा फ्रीज आणि भिंतभर टीव्ही! असल्या घरातल्या म्हातारीला कोण खोली देईल?

म्हणून माणसं यायच्या दिवशी सरजाबाईनं घर रिकामं व्हायची वाट पाहिली. मग दोन हमाल बोलावले आणि बाजेसकट सगळं सामान गल्लीच्या टोकाच्या बंद दुकानात हलवलं.

"आजी, घर बदलून राहिले का?" हमालानं विचारलं.

"तुला हमाली पाहिजे का हकीकत?"

हमालानं निमूट फ्रीज उचलला. सरजाबाईनं पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली, विटकं लुगडं नेसलं आणि भिंतीकडेला चटईवर आडवी झाली. माशा फार होत्या, म्हणून वर पांढरी चादर ओढली. गरिबी कशी अगदी झोकात जमली होती!

थोड्या वेळानं विहाराचे धम्मानंद गुरुजी आले, बरोबर दोन उपासक. तिघांचे कपडे पांढरेशुभ्र. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, इतके शांत की वर्गात मुलं झोपायची म्हणे.

"जय भीम, आजी. तब्येत कशी आहे?"

एरवी सरजाबाईची हाक फलाटापर्यंत जायची. आज आवाज विहिरीच्या तळातून आला.

"जय भीम... चाललंय... कसंबसं..."

"जेवणखाण?"

"मिळालं तर... खाते."

गुरुजी कळवळले. म्हणाले, "सूनबाईंशी बोलावं लागेल." सरजाबाईचं धाबं दणाणलं. सून आली की सोफ्याची चौकशी करणार! पण गुरुजींनी फोन लावलासुद्धा. बाई घाबरू नये म्हणून आणखी हळू आवाजात म्हणाले, "आम्ही सरजाबाईंच्या घरी बसलोय. तुम्ही शांतपणे या. अजिबात घाई करू नका."

आता तुम्हीच सांगा! आपल्याकडं 'घाई करू नका, शांतपणे या' असा फोन कशाचा असतो? रूपालीच्या हातातला खिचडीचा डाव गळाला. तिनं रडत नवऱ्याला फोन केला, आणि अर्धापूरला आईला केला.

इकडं सरजाबाईनं आणखी प्रश्न टाळायला चादर डोक्यावरून घेतली. नेमका तेव्हाच पिठाच्या गिरणीवाला व्यंकटी दारावरून चालला होता. त्यानं आत पाहिलं. सामान बाहेर गेलेलं. सतरंजी. पांढऱ्या कपड्यांतली गंभीर माणसं. आणि भिंतीकडेला नखशिखांत झाकलेली सरजाबाई!

व्यंकटीनं टोपी काढली आणि चप्पल सोडून सतरंजीच्या कडेला बसला. फोन काढून गल्लीच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या.

बघता बघता सतरंजी भरली. येणारा हात जोडायचा, बसायचा, खाली बघायचा. मयताच्या घरी कोण कुणाला विचारतं, काय झालं म्हणून? गुरुजींना वाटलं, केवढा हा शेजार! तेही हात जोडून बसले. शेजारणीनं पिठलं-भाकरीचं टोपलं आणून कोपऱ्यात ठेवलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही ना!

चादरीखाली सरजाबाई घामानं निथळत होती. एवढी माणसं कशाला आली? उठून विचारावं तर गुरुजी समोर. नाकावर माशी बसली. खोलीसाठी तिनं माशीसुद्धा सोसली!

तेवढ्यात केळीचा टेम्पो करकचून थांबला आणि त्यातून रूपाली आणि तिची आई उमाबाई उतरल्या. अर्धापूरहून टेम्पोत बसलेल्या आईनं लेकीला वाटेत अंगणवाडीतून उचललं होतं. उमाबाईनं दारातूनच हंबरडा फोडला.

"इहीनबाई गंऽऽ! न सांगता कशी गेलीस गं!"

चादर जराशी हलली. कुणाचं लक्ष नव्हतं.

"तोंडाची लई फाटकी होती गं माझी इहीन! पण मनाची..." उमाबाई थबकली. पदरानं नाक पुसलं. "मनाची पण तशीच होती! मेलेल्या माणसापुढं खोटं कशाला बोलू!"

"कुणाचं मन फाटकं गं, भवाने?"

आणि सरजाबाई ताडकन उठून बसली!

पुढचं काय सांगावं! व्यंकटी उलटा पिठल्यात बसला. एक म्हातारा एक चप्पल ठेवून थेट देवळापर्यंत गेला. उमाबाई लेकीच्या अंगावर कोसळली. एकटे गुरुजी आनंदानं म्हणाले, "अरे वा! आजींना आराम पडला!"

त्या गोंधळात दोन्ही हमाल सोफा घेऊन दारात आले. डोळे पुसत, मान खाली.

"मेलेल्या माणसाची अमानत ठेवू न्हाई म्हणतेत. आजीचा सोफा आणलाय. फ्रीज आन टीव्ही मागून येऊन..."

समोर आजी बसलेली बघून त्यांनी सोफा सोडला. तो व्यंकटीच्या पायावर पडला.

गुरुजींनी सोफ्याकडं पाहिलं, मग सरजाबाईकडं. शाळेत कॉपी पकडावी तसं. तेवढ्यात आनंदराज धापा टाकत आला आणि आईला जिवंत बघून उंबऱ्यातच बसला.

"आत्याबाई," रूपाली हुंदके देत म्हणाली, "काय कमी केलं हो आम्ही? उपाशी ठेवलं?"

आता मात्र सरजाबाईचा खरा आवाज निघाला.

"उपाशी कोण म्हणतं? तुझ्या हातचं खाऊनच एवढी ठणठणीत हाय मी! हाव, लपवला सोफा! माहेरी सहा भावंडांत झोपले, सासरी जावांच्या पायाशी, आता टीव्हीखाली. आख्ख्या जन्मात मी लावलं आन लागलं असं एक दार न्हाई मिळालं मला! ते पाहिजे. बास."

आनंदराज खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत राहिला.

"आई, सांगायचं तरी," तो म्हणाला.

"तुला ऐकू आलं असतं का? टीव्ही चालू असतो!"

गुरुजी हळूच म्हणाले, "आजी, हेच सांगितलं असतं तर सोफ्यावर बसून खोली दिली असती. पण आता शिल्लक एकच खोली, आणि बनाव करणाऱ्याला ती दिली तर मी बाकीच्यांना तोंड कसं दाखवू?" मग ते उमाबाईकडं वळले. "तुम्ही कुठं राहता, बाई?"

"केळीच्या वखारीमागं, गुरुजी. आमचे मालक वारल्यापासून एकटीच. एवढी हसले-भांडले ते हिच्याशीच. हीच मेली म्हणल्यावर मी कुणाशी भांडू?" आणि उमाबाईला पुन्हा रडू फुटलं. या खेपेला खरं.

गुरुजींनी दोन्ही उपासकांशी कुजबुज केली आणि निकाल सांगितला. खोली उमाबाईंची. खोलीत दोन खाटा बसतात, सोबत कुणाला आणायचं ते त्यांनी ठरवावं.

सगळी सतरंजी सरजाबाईकडं बघू लागली. सरजाबाई छताकडं बघू लागली.

"ही येईल की," उमाबाई नाक ओढत म्हणाली. "येतीस न्हवं?"

"तुझी लई गळ हाय म्हणून येते!" सरजाबाई म्हणाली. "एकटी भिशील तू."

नांदेडला जायच्या आधी सरजाबाईनं सगळ्या मुदखेडला सांगितलं, की इहीन पाया पडली म्हणून जावं लागतंय. दार आहे, कडी आहे, खिडकीत उन्हं येतात. पण निवासातली कुणी बाई डोकावली, की सरजाबाईनं तोंड उघडायच्या आत उमाबाई कौतुकानं सांगते, "ही माझी पाहुणी बरं का! बिचारीला घर न्हवतं."

आणि सरजाबाई गप बसते. खोली उमाबाईच्या नावावर आहे ना!