नमुन्याचं बटण

सोमवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या भरणारी लाइन थांबली. नव्या कंट्रोलरवर ती सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता.

कारण अगदीच क्षुल्लक होतं. एक बाटली आडवी पडली होती. फोरमनने ती उचलून उभी केली आणि नेहमीसारखं हिरवं बटण दाबलं. लाइन ढिम्म हलेना. शेजारच्या नव्याकोऱ्या स्क्रीनवर अक्षरं उमटली: कंट्रोल रूमच्या माणसाने स्वतः येऊन कार्ड लावावे.

कंट्रोल रूमचा माणूस तेव्हा वरच्या मजल्यावर चहाचा पहिला घोट घेत होता आणि स्वतःवर बेहद्द खूश होता. लाइनची सगळी यंत्रं चालवणारा जुना कंट्रोलर म्हणजे कपाटाएवढ्या पेटीत बसलेला म्हातारा. त्याचे सुटे भाग मिळायचे बंद झाले होते, आतली बॅटरी गेली तर सगळा प्रोग्राम पुसला जाण्याची भीती होती, आणि उन्हाळ्यात त्याच्यासमोर टेबलफॅन लावावा लागे. त्या म्हाताऱ्याच्या डोक्यातलं सगळं काढून नव्या, तळहाताएवढ्या कंट्रोलरमध्ये भरायचं काम कंपनीने याच्यावर सोपवलं होतं. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "शनिवारी बंद करतो, सोमवारी सुरू करतो. काही बदललंय हे कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते कारखान्यातल्या प्रत्येकाच्या लक्षात आलं होतं. पण आधी नमुन्याच्या बटणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं.

बाटल्या भरण्याच्या यंत्राला एक छोटी काचेची खिडकी आहे. लॅबच्या बाई दर दोन तासांनी तिथे येतात, शेजारचं बटण दाबतात, लाइन थांबते. त्या खिडकी उघडून तपासणीसाठी एक बाटली काढून घेतात आणि खिडकी लावतात. जुन्या प्रोग्राममध्ये त्यानंतर लाइन आपोआप सुरू होत नसे. बाईंचा हात आत असताना कुणी घाईत ती चालू करू नये, म्हणून कंट्रोल रूमच्या माणसाने खाली येऊन, डोळ्यांनी बघून, चावी फिरवायची अशी पद्धत होती. ही रिसेटची चावी त्याच्या खिशात. त्यामुळे लाइनवर त्याचं नाव पडलं रिसेट. तोंडावर साहेब, पाठीमागे रिसेट.

तर हा रिसेट आठ वर्षं दिवसातून चार वेळा जिना उतरत होता. पायऱ्या धावत उतरायचा आणि शेवटच्या वळणावर थांबून श्वास सारखा करायचा, म्हणजे आपण सहज आलो असं वाटावं. मग बोलणं होई ते असं. "झालं?" "झालं." "करू सुरू?" "करा." चावी फिरे, बाटल्या खडखडत निघत आणि त्या आवाजात पुढचं काही बोलायची सोय उरत नसे.

एकदाच चावी अडकली होती. तेव्हा दोघं बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले आणि बाई म्हणाल्या, दिवसभर औषधाचा हा संत्र्याचा वास नाकात बसतो, आता घरी गेल्यावर संत्रं डोळ्यांसमोरसुद्धा नको वाटतं. त्या संध्याकाळी रिसेटने न्हाणीघरातला संत्र्याच्या वासाचा साबण बदलला. तो थोरल्या बहिणीकडे राहतो. तिने साबण बदलण्याचं कारण विचारलं आणि ते त्याच्या तोंडून काढल्याशिवाय त्याला जेवायला वाढलं नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी चौकशी होते.

"आज काय बोलली?"

"झालं म्हणाली."

"आणि तू?"

"करू सुरू म्हणालो."

"रोज उठून लाइन सुरू करतोयस," ताई म्हणते. "दुसरं काही सुरू करता येतं का बघ."

नवा कंट्रोलर घ्यायचं ठरलं तेव्हा प्लँट मॅनेजरांनी नेमकं त्या चावीवरच बोट ठेवलं. खिडकीला आता सेन्सर आहे, ती उघडी असेल तर लाइन मुळी सुरूच होत नाही, मग माणसाला खाली पळवायचं कशाला, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड होता. रिसेटला तो पटलाही, फक्त रात्री झोप लागेना. बाईंसमोर उभं राहण्याचं एकुलतं एक कारण आपल्याच हाताने पुसायचं, आणि वर त्याला सुधारणा म्हणायचं! शेवटी त्याने सुरक्षिततेचं नाव पुढे केलं आणि ती पद्धत नव्या प्रोग्राममध्ये तशीच ठेवली. चावीच्या जागी कार्ड आलं, एवढंच.

घात तिथे झाला. जुन्या म्हाताऱ्याची स्मरणशक्ती बेताची. म्हणून पूर्वीच्या प्रोग्रामरने काटकसर करून 'लाइन थांबली आहे' ही एकच खूण सगळ्यांसाठी वापरली होती. बाटली पडली, झाकण अडकलं, लेबलचा रोल संपला, नमुना घेतला, सगळ्यांना तीच खूण. चावीच्या ओळीत मात्र त्याने एक छोटीशी अट जोडली होती: नमुन्याचं बटण दाबलं गेलं असेल, तरच चावी माग. रिसेटने सगळा नवा प्रोग्राम डोळ्यांत तेल घालून तपासला होता. फक्त या ओळीशी आल्यावर त्याला बाईंचं 'करा' ऐकू आलं, आणि अट राहून गेली.

परिणाम असा, की आता लाइन कशानेही थांबो, तिला रिसेटच हवा होता.

पहिल्या बाटलीला तो हसत खाली आला. झाकण अडकलं तेव्हाही हसतच आला. लेबलचा रोल बदलायला आला तेव्हा त्याला चूक कळून चुकली आणि हसू मावळलं. चूक दुरुस्त करायला लाइन पूर्ण बंद करावी लागणार होती. गेटवर ट्रक उभा होता. मॅनेजरांनी फोनवरच सांगून टाकलं की जेवणाच्या सुट्टीआधी लाइन बंद होणार नाही, तोवर पळत राहा.

"कार्ड माझ्याकडे देऊन ठेवा," फोरमन म्हणाला. "मी इथेच असतो. तुम्ही वर बसा निवांत."

द्यायला काहीच हरकत नव्हती. पण नऊला नमुन्याची वेळ होती.

"नियमात बसत नाही," रिसेट म्हणाला.

फोरमनने तोंड वाकडं केलं. अख्खी नोकरी या लाइनवर काढली आणि एका कार्डापुरता विश्वास नाही, असं तो झाकणवाल्याकडे बोलला. झाकणवाल्याने ते पुढे सांगताना त्यात चोरी घातली. लेबलवाल्यापर्यंत बातमी पोचली ती अशी, की माल चोरीला जातोय असा साहेबांना संशय आहे, म्हणून एकही यंत्र त्यांच्याशिवाय सुरू होत नाही. तासाभरात सगळी लाइन दुखावली. आणि दुखावलेली माणसं नियम फार काटेकोर पाळतात. एरवी चालता चालता बोटाने सरळ केली जाणारी तिरकी बाटलीसुद्धा आता लाइन थांबवून, रिसेटला बोलावून, त्याच्या साक्षीने सरळ होऊ लागली.

नऊला रिसेट लेबलच्या यंत्राखाली उताणा झोपून रोलरला चिकटलेला कागद खरवडत होता. हे यंत्र लाइनच्या पार दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या भिंतीपलीकडे. कागद निघाला, त्याने उठून तिथल्या स्क्रीनवर कार्ड लावलं, लाइन सुरू झाली, आणि भिंतीच्या कडेने बघतो तर खिडकीपाशी बाई. त्यांनी बटण दाबलं होतं, नमुना घेतला होता, खिडकी लावली होती आणि जिन्याकडे बघत उभ्या होत्या. एकदा लावलेलं कार्ड साऱ्या लाइनला पुरतं, ही सोय त्याने स्वतःच मोठ्या हौसेने केली होती. बाटल्या खडखडत निघाल्या तशा बाई दचकल्या. जिन्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि बाटली घेऊन निघून गेल्या. पांढऱ्या कोटाची पाठ दारातून दिसेनाशी होईपर्यंत रिसेट हातात लेबलचा लगदा घेऊन उभा होता. लगद्यावर 'वापरण्यापूर्वी हलवा' असं छापलेलं होतं.

अकराच्या नमुन्याला त्याने कसर ठेवायची नाही असं ठरवलं. आधीच येऊन खिडकीपाशी खांबासारखा उभा राहिला, केस नीट केले, कपाळ पुसलं. तेवढ्यात पलीकडे लेबलं पुन्हा अडकली. जाऊन यायला कितीसा वेळ, म्हणून तो धावला. परत आला तेव्हा खिडकीपाशी फक्त फोरमन होता.

"बाई येऊन गेल्या," फोरमन म्हणाला. "विचारत होत्या, कंट्रोल रूमवाले कुठे आहेत आज?"

"विचारलं? म्हणजे कसं विचारलं?"

"तोंडाने."

"तसं नाही हो. सहज विचारलं, की थांबून विचारलं?"

फोरमनने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. सकाळपासूनचा राग त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरला आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं, ते रिसेटला रागापेक्षा अवघड वाटलं.

"थांबून," तो म्हणाला. "कार्ड राहू द्या तुमच्याकडेच."

तोवर लाइन किती वेळा थांबली याचा हिशेब मॅनेजरांपर्यंत पोचला होता. त्यांनी रिसेटला बोलावून घेतलं, दार लावलं आणि खुर्ची दिली. खुर्ची मिळाली म्हणजे प्रकरण गंभीर. त्यांचा समज असा झाला होता, की या माणसाला दुसरीकडून नोकरीचं बोलावणं आलंय, आणि कंपनीला कोंडीत पकडायला त्याने स्वतःलाच प्रोग्राममध्ये बसवून घेतलंय.

"तुम्ही रजेवर गेलात तर कारखाना बंद. हुशारी आहे ही," ते म्हणाले.

"मी रजा घेत नाही, सर."

"तेच तर. का घेत नाही?"

याला रिसेटकडे उत्तर होतं, पण ते मॅनेजरांना देण्यासारखं नव्हतं. गप्प बसलेला माणूस भाव खातोय असं समजून मॅनेजरांनी आपणहून पुढचं देऊ केलं: उद्यापासून त्यांच्या शेजारची काचेची खोली, नवी खुर्ची, सगळी लाइन स्क्रीनवर. खाली उतरायची म्हणून गरज नाही. रिसेटचा चेहरा पडला. तो भारावून गेलाय असं वाटून मॅनेजरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि नवा हुकूम सांगितला. नमुन्याचं बटण दाबलं की लाइन थांबेल, सोडलं की पाच सेकंदांनी आपोआप सुरू होईल. कार्ड नाही, माणूस नाही. जेवणाच्या सुट्टीत हे करा आणि जाऊन लॅबला समजावून सांगा.

एकचा नमुना झालाच नाही, कारण लाइन बंद होती. वर कंट्रोल रूममध्ये डबा न उघडता रिसेटने दुरुस्ती केली. काम चार ओळींचं होतं. तीन ओळी पटकन झाल्या. चौथी पुसायला त्याला एवढा वेळ लागला, की कॉम्प्युटरने आपोआप विचारलं, तुम्ही अजून इथे आहात का?

लॅबमध्ये तो आठ वर्षांत पहिल्यांदा गेला. बाई खिडकीशी बसून डबा खात होत्या. टेबलावर सकाळच्या दोन बाटल्या, त्यांच्यावर बाईंच्या बारीक अक्षरात वेळ घातलेली. रिसेटने दारातूनच सगळं सांगितलं, पाठ केल्यासारखं.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे तुम्ही आता खाली येणार नाही."

"गरज नाही उरली."

"बटण सोडेपर्यंत थांबते लाइन?"

"थांबते."

"कितीही वेळ?"

"सोडेपर्यंत. मग पाच सेकंद."

"सकाळी दोन्ही वेळा मी जिन्याकडे बघत होते," बाई म्हणाल्या. पुढे काही म्हणणार होत्या, पण आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. रिसेट 'बरंय' म्हणाला. जिन्यावर आल्यावर त्याला आठवलं की 'बरंय'ऐवजी म्हणण्यासारखं किती काय होतं.

तीन वाजता लाइन थांबली. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर नमुन्याच्या बटणाशेजारचा दिवा हिरवा झाला. रिसेट हाताची घडी घालून बघत राहिला. खिडकी उघडली, खिडकी लागली. आता बटण सुटेल, दिवा विझेल, पाच सेकंद, आणि लाइन सुरू होईल. प्रोग्राम निर्दोष होता.

दिवा विझेना.

फोरमनचा फोन आला. "साहेब, नमुन्याचं बटण अडकलं वाटतं."

"बाई आहेत तिथे?"

"मी या टोकाला आहे," फोरमन म्हणाला. तो कुठल्या टोकाला होता कोण जाणे, पण आवाजात हसू होतं. "मला काही दिसत नाही. तुम्हीच येऊन बघा."

दुसरा फोन वाजायला लागला. तो मॅनेजरांचा होता. तो घ्यायला कंट्रोल रूममध्ये कुणी नव्हतं. जिन्याच्या शेवटच्या वळणावर रिसेट सवयीने श्वास सारखा करायला थांबला होता, आणि तो काही केल्या सारखा होत नव्हता.

तीन वाजून चार मिनिटांनी लाइन थांबलेलीच होती. नमुन्याच्या बटणाचा दिवा हिरवा होता. ते अडकलंय की कुणी धरून ठेवलंय, हे नव्या कंट्रोलरला सांगता येत नाही. तशी सोय त्यात ठेवायची रिसेटला सुचलेलीच नव्हती.