गयाक्काचं पातळ रक्त

टीव्ही सेंटरमागच्या आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की लोक जावई आल्यागत धावतात. अशा गल्लीत आमच्या शेजारच्या गयाक्का एकट्या रोज अख्खी घागर पिऊन संपवायच्या.

माहेर सिल्लोडचं, आवाज भोंग्याचा. दारात कुणीही येवो, आधी तांब्या, मग काम. "पी आधी! रगत घट्ट झालं तर पळंल कसं?" मीटर बघायला आलेला माणूस तर दोन तांबे रिचवून, मीटर न बघताच आडोसा शोधत पळाला.

स्वतः गोळीआधी तांब्या, चहाआधी तांब्या, शिंक आली तरी तांब्या. त्यात बीपी वाढतो म्हणून मीठ पार सोडलेलं.

एका दुपारी त्या माझ्या दारात आल्या आणि मलाच विचारलं, "बाई, कोण तुम्ही? कुणाकडं आलात?" मी हसले. तेवढ्यात त्यांनी उंबऱ्यावरच बसकण मारली आणि मान टाकली.

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त, लघवी तपासली आणि मिठाचं सलाइन लावलं. मला म्हणाल्या, "रक्त फार पातळ झालंय, त्यातलं मीठच उतरलंय. जादा पाणी किडनी बाहेर टाकते, पण तिलाही मर्यादा असते. उरलेलं रक्तात साचतं, मेंदूला सूज येते, मग माणूस असं बरळतो."

दुसऱ्या दिवशी गयाक्का ताळ्यावर आल्या.

"म्हंजी माझ्या रगताचं वरण झालं व्हय?"

"वरण बरं, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " वरणाचं पाणी झालंय. आता काही दिवस पाणी मोजून."

"मोजून नाय प्यायची म्या!" सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"पण एवढं प्यायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

गयाक्कांचा आवाज एकदम खाली आला. तो भोंगा एवढा हळू मी प्रथमच ऐकत होते.

"आमचे हे ट्रकवर डायवर," त्या म्हणाल्या. "गाडी थांबवाया नको म्हणून दिवसभर घोटभर बी पाणी प्यायचे नाय. आधी खडे झाले, मग किडन्याच गेल्या. शेवटी डाक्टर म्हणाले, पाणी मोजूनच द्यायचं. हे तांब्याकडं बघत पडायचे, अन् म्या तांब्या उचलून आत न्यायचे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ते गेल्यापासनं त्यांच्या वाटचं बी म्याच पीत होते."

डॉक्टरीणबाईंनी पुढं काही विचारलं नाही. फुलपात्रात अर्धं पाणी ओतून त्यांच्या हातात दिलं. गयाक्कांनी ते कितीतरी वेळ नुसतं धरून ठेवलं. मग एकच घोट घेतला.