पिवळ्या टोपीखालची आत्या

मेर्वीच्या योजनेत चूक नव्हती. हे ती आजही शांतपणे सांगते, आणि ते खरंही आहे. योजना संपून माणसं जिथे सुरू होतात, तिथे चूक झाली!

लाहती शहरातल्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी ही बाई. ‘अंदाजे’ आणि ‘बहुतेक’ हे शब्द तिच्या दारातच बूट काढून उभे राहत, आत यायची त्यांची हिंमत नव्हती. तिनं करमणूक पार्कची सहल आखली, तीही अशीच.

“दोन म्हातारी माणसं, एक व्हीलचेअर, एक चाकांचा वॉकर आणि एक मी,” तिनं आतेभावाला फोनवर सांगितलं. “आत शिरायला पैसे पडत नाहीत. पाळण्यात बसलं तरच तिकीट, आणि सोबत करणाऱ्याला तेही माफ. खुर्ची आरोग्य केंद्राकडून उसनी, फुकट! कॉफी थर्मासमधली, पाव घरचा. इल्पो, यात बिघडण्यासारखं काय आहे ते तूच सांग.”

“आई,” इल्पो म्हणाला.

इल्पो अग्निशमन दलात होता. पायरी दिसली की तिच्याखाली पडलेलं माणूसही त्याला आपोआप दिसायचं. रायलीआत्याच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यानं तिला चिनी मातीच्या बशीसारखं फ्लॅटमध्ये मांडून ठेवलं होतं. दोन उन्हाळे झाले, आत्यानं आपलं तळ्याकाठचं लाकडी घर पाहिलं नव्हतं. भर उन्हाळ्यातल्या जुहान्नुसच्या सणाला सगळा देश पाण्याकाठी शेकोट्या पेटवतो, आणि आत्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत.

“बाल्कनीतला जुहान्नुस म्हणजे सॉनाचा फोटो बघून घाम यायची वाट पाहणं!” असं ती म्हणायची.

शेवटी इल्पोनं अट घातली. “एक दिवस बाहेर नीट पार पडू दे. आई पडली नाही, दमली नाही, हरवली नाही, तर यंदा तिला तळ्यावर नेतो. नाहीतर विषय बंद.”

“हरवेल कशी? ती चाकांवर आहे!”

“चाकांवरची वस्तूच हरवते,” इल्पो म्हणाला आणि फोन ठेवला.

तर असा तो दिवस. पाऊस येणार हे मेर्वीला ठाऊक होतं, म्हणून तिनं आदल्या आठवड्यात किराणा दुकानातल्या सवलतीच्या टोपल्यातून तीन रेनकोट घेतले होते. मोहरीसारखे पिवळे, टोपी नाकापर्यंत येणारी, किंमत जवळजवळ नाहीच. पार्कात शिरल्यावर पहिली सर आली आणि मेर्वीच्या लक्षात आलं, की ती सवलत फक्त तिनंच वाचली नव्हती. पाहता पाहता सगळं पार्क मोहरीच्या शेतासारखं पिवळं झालं!

“आता आपण एकमेकांना सापडलो तर नशीब,” आत्या टोपीखालून म्हणाली.

“आत्या, काळजी करू नकोस. मी आहे ना.”

“तू आहेस हे दिसतंय. मी आहे का ते बघ, मला या टोपीतून काहीच दिसत नाहीये!”

आत्या तोंडाची सैल. तिचा धाकटा भाऊ आर्वो, म्हणजे मेर्वीचे बाबा, याच्या बरोबर उलट. देवानं दोघांना मिळून जेवढे शब्द दिले, ते बहिणीनं आधीच उचलले असावेत. गुडघे गेल्यापासून बाबा वॉकर घेऊन फिरत, आणि मनात आलं की वॉकरच्याच फळीवर बसून जगाकडे बघत.

पाऊस वाढला तसे तिघं एका छपराखाली थांबले. तिथे आणखीही लोक व्हीलचेअर लावून उभे होते. “तिकीट घेऊन आलेच,” म्हणत मेर्वी खिडकीशी गेली. सोबतीचं कार्ड दाखवलं, होडीची तिकिटं घेतली, परत आली, पिवळ्या टोपीमागच्या खुर्चीचा ब्रेक सोडला आणि निघाली.

“चला! बाबा, उठा.”

बाबांनी खुर्चीकडे पाहिलं. मग मेर्वीकडे पाहिलं. मग उठले.

आता सांगायला हवं, की मेर्वी काही वेंधळी नव्हती. उलट, त्यानंतर जे जे वेगळं घडलं ते तिनं टिपलं! खुर्ची हलकी लागत होती. तिनं सकाळीच चाकांत तेल घातलं होतं, त्याचा हा गुण. आत्या बोलेनाशी झाली होती. मोकळ्या हवेनं मन शांत होतं, हे तर सिद्धच आहे. तिनं मागून खांद्यावरून खारवलेल्या हेरिंग माशाचा पाव पुढे केला. हेरिंगचं नाव काढलं तरी आत्या नाक मुरडायची, पण आज दोन पाव खाल्ले आणि हात तिसऱ्यासाठी पुढे आला!

“बघा बाबा, भूक लागली की सगळं गोड लागतं!”

बाबांनी श्वास आत ओढत “हं” म्हटलं आणि समोर बसलेल्या पिवळ्या टोपीला अदबीनं कॉफीचा कप दिला. सख्ख्या बहिणीला त्यांनी इतक्या अदबीनं कधी काही दिलं नव्हतं. हेही मेर्वीनं टिपलं. बाबाही म्हातारपणी सुधारतायत, एवढाच तिनं त्याचा अर्थ लावला.

तेवढ्यात इल्पोचा फोन.

“आई पडली का?”

“नाही रे.”

“मग जवळ आहे का?”

“ही काय, समोर! बोल तिच्याशी.” मेर्वीनं फोनचा आवाज मोठा केला आणि टोपीच्या कडेनं आत सरकवला.

“आई, बरी आहेस?”

“हो,” टोपी म्हणाली.

“थंडी वाजते?”

“नाही.”

“जेवलीस?”

“हो. मासा फार छान होता.”

“आई, तू चक्क काहीतरी छान आहे म्हणालीस!” इल्पोचा आवाज हळवा झाला. “मग... जुहान्नुसला येतेस तळ्यावर?”

टोपीनं जरा विचार केला. “येईन की.”

“पण मंगळवारी पाण्यातल्या व्यायामाला जावं लागेल. वर्षभर नाही म्हणतेयस.”

“जाईन.”

“दर मंगळवारी!”

“दर मंगळवारी.”

इल्पोनं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की पावसातही ऐकू आला. “मेर्वी, तू कमाल केलीस! आता मी काळजी सोडली.” आणि त्यानं फोन ठेवला.

मेर्वीला वाटलं, छपरावर चढून नाचावं! आत्याला तिचं तळं परत मिळालं होतं. तिनं खुर्ची होडीच्या उताराकडे अशी ढकलली, की समोरच्या लोकांना बाजूला व्हावं लागलं.

होडीवाली मुलगी म्हणाली, “रेनकोट काढावा लागेल हं. त्यावरून लाइफ जॅकेट बसत नाही.”

मेर्वीनं प्रेमानं टोपी मागे सारली.

आत एक गोल, गुलाबी, प्रसन्न चेहरा होता. ओठांना लिपस्टिक. कानात मोती. आणि तो चेहरा मेर्वीनं जन्मात पाहिला नव्हता!

“तुम्ही... आपण कोण?”

“लेम्पी,” त्या म्हणाल्या. “मासा खरंच छान होता.”

“पण... पण तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुम्ही इतक्या नीट घेऊन चालला होतात. मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं. शिवाय मला वाटलं, ही पार्कचीच सोय असेल.”

“आणि फोनवर हो कशाला म्हणालात?”

“एवढ्या मायेनं बोलावत होता बिचारा. नाही कसं म्हणायचं?”

मेर्वी गर्रकन वळली. “बाबा! तुम्ही समोर बसला होतात! तुम्हाला दिसलं नाही, ही आत्या नाही ते?”

“दिसलं की.”

“मग?”

“तू विचारलं नाहीस.” बाबांनी थोडा विचार करून पुढे जोडलं, “मला वाटलं, तू बदलून घेतलीस.”

“आत्या बदलून मिळते का बाबा!”

“मिळाली तर बरं, असं वाटलं.”

आत्या एकटी, पावसात, छपराखाली, नव्या खुब्यासह! इल्पोची अट कानात वाजत होती. पडली नाही, दमली नाही, हरवली नाही. शेवटचं तर झालंच होतं, आता पहिली दोन व्हायची वाट! मेर्वी लेम्पीबाईंना ढकलत छपराकडे धावली. मागून बाबा वॉकर खडखडवत.

छपराखाली कुणीही नव्हतं.

“ध्वनिक्षेपकावरून पुकारायचं का?” बाबा म्हणाले.

“पुकारायचं?” मेर्वी आणि लेम्पीबाई एकदमच दचकल्या. सगळ्या पार्कसमोर, मोठ्यानं, स्वतःच्या नावासकट? त्यापेक्षा आत्या मिळाली नाही तरी चालेल, असा विचार एक क्षण मेर्वीच्या मनाला शिवला. लाज वाटली, तरी शिवला! मग ती तोंडातल्या तोंडात “अनोळखी माणसांनो, माफ करा” म्हणत प्रत्येक पिवळ्या टोपीत वाकून बघू लागली. एका टोपीत कुत्रा निघाला.

“माझा जावई नेमबाजीच्या दुकानाशी असेल,” लेम्पीबाई हलकेच म्हणाल्या. “तो नेहमी तिथेच पैसे घालवतो.”

“हे आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही घाईत होतात.”

नेमबाजीच्या दुकानापासून बऱ्याच अंतरावर असतानाच मेर्वीला तो आवाज ऐकू आला. जगात दुसऱ्या कुणाचाही नसलेला.

“डावीकडचा! अरे डावीकडचा डबा, आंधळ्या! दे इकडे तो चेंडू!”

पत्र्याचे डबे धडाधड कोसळले. आत्या खुर्चीत ताठ बसली होती. टोपी मागे, एका हातात वॅफल, मांडीवर तीन कापडी अस्वलं आणि गालावर मुरंबा. शेजारी दाढीवाला, दरवाजाएवढा एक माणूस तिच्यासाठी चेंडू धरून सेवकासारखा उभा होता.

मेर्वीला वाटलं आता आपण रडणार. पण तिच्या तोंडून निघालं एवढंच, “आत्या! तुला कळलं नाही का, ही माणसं आपली नाहीत?”

“लगेच कळलं! मला काय तुझ्यासारखं समजतेस?” आत्या वॅफलचा तुकडा तोडत म्हणाली. “पण याने आल्याआल्या वॅफल हातात ठेवलं. घेतलेलं वॅफल परत कसं द्यायचं? आणि तुझ्या पिशवीत काय होतं ते मला माहीत होतं. हेरिंग!”

दाढीवाल्याचं नाव तोर्स्ती. तो लालबुंद झाला होता. “मलाही जरा उशिरानं कळलं,” तो बूट बघत म्हणाला. “सासूबाई अशा शिव्या देत नाहीत. पण तोवर तीन अस्वलं जिंकून झाली होती. मग म्हटलं, आता कुठल्या तोंडानं विचारायचं, की बाई, आपण कोण?”

म्हणजे लेम्पीबाईंना माहीत होतं. बाबांना माहीत होतं. आत्याला माहीत होतं, तोर्स्तीलाही माहीत होतं. सगळ्या पार्कात एकाच माणसाला पत्ता नव्हता, आणि ते माणूस विज्ञान शिकलेलं होतं!

मेर्वी ओल्या बाकावर बसली. आत्या धडधाकट होती. बाकी जग बुडालं तरी हरकत नव्हती. बाबांनी तिला थर्मासमधली उरलेली कॉफी दिली, आणि ती तिनं अशी प्यायली, जणू आयुष्यातली पहिलीच.

“इल्पोचा फोन आला होता,” जरा वेळानं ती म्हणाली. “तू जुहान्नुसला येतेस असं त्याला सांगितलंस.”

आत्याचा जबडा थांबला. “मी?”

“तळ्यावर. त्यानं हो म्हटलंय.”

आत्याच्या हातातलं वॅफल तसंच राहिलं. मग तिनं बाहीनं डोळे पुसले आणि पाऊस फार झालाय म्हणाली. पाऊस केव्हाच थांबला होता.

“आणि दर मंगळवारी पाण्यातल्या व्यायामाला जाणार असंही सांगितलंस,” मेर्वीनं घाईनं उरकून टाकलं.

“काय? मेले तरी जाणार नाही! सांग त्याला, ती मी नव्हतेच!”

“सांगते. मग हरवली होतीस हेही सांगावं लागेल. मग तळं...”

आत्यानं तळं एका पारड्यात घातलं, दुसऱ्यात मंगळवार. मग ती लेम्पीबाईंकडे वळली. “हो तुम्ही म्हणालात ना? मग मी एकटीनंच भिजायचं का?”

“छे,” लेम्पीबाई म्हणाल्या. “शब्द दिला तो दिला.”

आणि त्या शब्दाच्या खरंच पक्क्या निघाल्या. दर मंगळवारी तोर्स्ती त्यांना तरणतलावावर आणून सोडी. एक पाण्यात ओरडे, दुसरी हसे, आणि जुहान्नुसपर्यंत आत्या काठी टेकत, इल्पोच्या काळजाचे ठोके चुकवत, तळ्याकडची पायवाट स्वतःच्या पायांनी उतरली. सॉनाच्या पायरीवर बसून तिनं पाण्यात पाय सोडले आणि तळ्याला म्हणाली, “काय, विसरलंस का मला?”

त्याच दुपारी तोर्स्तीची गाडी आली. लेम्पीबाई मोत्यांसकट उतरल्या, इल्पोच्या हातात खारवलेल्या हेरिंगची बरणी ठेवली आणि “बोलावलंत, आले,” म्हणून व्हरांड्यात बसल्या.

इल्पोनं त्यांना कॉफी दिली. रात्री खिडकीजवळची खाट घालून दिली. दुसऱ्या दिवशी सॉनात अंगावर मारून घ्यायला त्यांच्या नावची बर्चच्या डहाळ्यांची जुडी बांधली. तिसऱ्या दिवशी सकाळी लाकडं फोडताना तो मेर्वीजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “मेर्वी, एक विचारू? व्हरांड्यात बसलेल्या त्या बाई कोण आहेत?”

मेर्वीच्या तोंडचं पाणी पळालं. आता सगळं सांगावं लागणार! तिनं तोंड उघडलं.

“नको, राहू दे,” इल्पो घाईनं म्हणाला. “पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. आता तिसऱ्या दिवशी विचारणं बरं दिसत नाही.”

“नाहीच दिसत,” मेर्वी मनापासून म्हणाली, आणि फोडलेली लाकडं उचलून त्याच्याआधी सॉनाकडे पळाली.